ठसा कोणाचा? डार्टमूरच्या पेट्या आणि त्यांतले शिक्के

मराठीत ‘रबरी शिक्का’ हा शब्दप्रयोग कौतुकाने केला जात नाही. स्वतःचे मत नसलेल्या, पुढे येईल त्या कागदाला मान्यता देणाऱ्या पदाधिकाऱ्याला आपण रबरी शिक्का म्हणतो. इंग्लंडच्या नैऋत्येस, डेव्हन परगण्यातल्या डार्टमूरवर मात्र अशाच एका शिक्क्याच्या शोधात माणसे पाऊसवाऱ्यात मैलोन्‌मैल चालतात. आणि तो शिक्का हाताने कोरलेला असावा की दुकानातून आणलेला चालेल, यावर गंभीरपणे वादही घालतात. हा वाद छंदिष्टांचा घरगुती मामला म्हणून सोडून देता आला असता. परंतु कर्ता, कलाकृती आणि प्रत यांविषयी आपण वर्गात जे प्रश्न विचारतो, तेच येथे चिखलाने भरलेले बूट घालून उभे आहेत असे आम्हांस वाटते.

शेरलॉक होम्सच्या बास्करव्हिल-कथेमुळे हा प्रदेश मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही. ग्रॅनाइटचे उघडे सुळके, पीटची दलदल, क्षणात उतरणारे धुके. या माळरानाच्या उत्तर भागात क्रॅनमिअर पूल नावाची जागा आहे. नाव तळ्याचे, प्रत्यक्षात पाणी कधीच ओसरून गेलेला एक खळगा. चॅगफर्ड गावचा वाटाड्या जेम्स पेरट हा हौशी प्रवाशांना तेथवर नेत असे. 1854 साली त्याने त्या जागी एक बाटली ठेवली. एवढी पायपीट करून आलेल्याने आपले व्हिजिटिंग कार्ड तीत टाकावे, म्हणजे आल्याची खूण राहील, इतकाच हेतू. पुढे लोक स्वतःचा पत्ता घातलेली पोस्टकार्डे तेथे ठेवू लागले. नंतर येणाऱ्या अनोळखी माणसाने ती उचलायची आणि गावात जाऊन टपालात टाकायची, असा अलिखित करार. ‘लेटरबॉक्सिंग’ हे नाव त्यातूनच आले. 1905 साली क्रॅनमिअरला अभिप्रायवही आली. 1938 साली डार्टमूरचा थोर वर्णनकार विल्यम क्रॉसिंग याच्या स्मरणार्थ डक्स पूल येथे पेटी बसवली गेली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या परंपरेच्या पहिल्या अर्धशतकात शिक्का नव्हताच. होते ते कार्ड, पत्र, हस्ताक्षर. शिक्का नंतर आला, आणि टपालाच्या छापासारखेच त्याचे काम होते: स्थळाचे नाव सांगणे आणि पत्र खरोखर तेथून निघाले याची साक्ष देणे. हस्तनिर्मित शिक्का म्हणजे मूळची शुद्ध रीत आणि दुकानी शिक्का म्हणजे नंतरची भेसळ, अशी जी मांडणी कधी कधी केली जाते, ती इतिहासाला धरून नाही. परंपरेचा दाखला देणाऱ्याने परंपरा कुठून मोजायची हेही सांगावे लागते, ही अडचण आपल्या वाङ्मयीन वादांतही नवी नाही.

1970 नंतर पेट्यांची संख्या झपाट्याने वाढली. याद्या निघाल्या, शंभर पेट्या शोधणाऱ्यांचे मंडळ निघाले. रीत आजही साधी आहे. खडकाच्या बेचक्यात घट्ट झाकणाचा डबा. आत शिक्का आणि वही. शोधणाऱ्याने पेटीतला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, स्वतःचा पेटीतल्या वहीत, आणि डबा होता तसा लपवून निघून जायचे. प्राचीन शिलारांगांना धक्का लावायचा नाही, खणायचे नाही, सिमेंट वापरायचे नाही. शिक्क्यांवर आता नावांबरोबर चित्रे आली: पोनी, पूल, दंतकथेतली माणसे. पुष्कळदा चित्र पेटी ठेवणाराच काढी आणि त्याचे रबर करून आणी शिक्के बनवणाऱ्याच्या दुकानातून. म्हणजे रेषा एकाची, रबर दुसऱ्याचे. असा शिक्का हाताचा म्हणावा की दुकानाचा?

कोरण्याचा आग्रह खऱ्या अर्थाने तापला तो अमेरिकेत. 1998 साली ‘स्मिथसोनियन’ मासिकात डार्टमूरवरचा लेख आला आणि तिकडे हा छंद पसरला. तेथील हौशी मंडळींनी खोडरबर घेतले, लिनोकामाची कोरणी घेतली आणि शिक्के घरीच कोरले. पाहता पाहता सोयीची गोष्ट निष्ठेची झाली. दुकानातला तयार शिक्का ठेवणे म्हणजे पाहुण्याला बोलावून विकतचा फराळ पुढे करणे, असा काहीसा भाव निर्माण झाला.

या निष्ठेला वैचारिक पूर्वज आहे. जॉन रस्किनने 1853 साली, म्हणजे पेरटच्या बाटलीच्या आदल्या वर्षी, गॉथिक शिल्पाविषयी लिहिताना कारागिराच्या कामातील ओबडधोबडपणात त्याचे स्वातंत्र्य पाहिले होते. कोरलेल्या शिक्क्यात हे नेमके दिसते. पांढरे राहायचे तेवढे काढून टाकायचे, रेषा उंच ठेवायची. एकदा निसटलेली कोरणी मागे घेता येत नाही. ‘ठसेकामा’च्या तासाला भेंडी-बटाट्याचे ठसे आपण सगळ्यांनीच काढले आहेत. मध्यंतरी याच विषयाच्या निमित्ताने आम्ही काही विद्यार्थ्यांसह खोडरबरावर नावे कोरून पाहिली. पहिली सगळी नावे कागदावर उलटी उमटली. हसू आवरल्यावर मात्र प्रत्येकजण आपला बिघडलेला ठसा जपून घरी घेऊन गेला.

तरीही केवळ हात हा निकष आम्हांस पुरेसा वाटत नाही. वॉल्टर बेंजामिनच्या सुप्रसिद्ध प्रतिपादनानुसार यांत्रिक प्रत कलाकृतीला तिच्या ‘येथे आणि आत्ता’पासून तोडते, मूळ कृती जाऊ शकत नाही तेथे प्रत प्रेक्षकाकडे चालत जाते. डार्टमूरवर नेमके उलटे घडते. प्रत काढणे हाच तेथील विधी आहे, पण त्या प्रतीसाठी प्रेक्षकाला चालत जावे लागते. ठसे शेकडो वह्यांत असतील, पण प्रत्येक ठसा त्या एका खडकापाशीच उमटलेला असतो. हे साधण्यासाठी शिक्का कोणी कापला याला फारसे महत्त्व नाही. तो त्या जागेसाठी झालेला आहे की नाही, याला आहे. कारखान्यातून आलेला, पण त्या टेकडीचेच चित्र असलेला शिक्का या कसोटीला उतरतो. हस्तकलेच्या दुकानात हजारांनी विकले जाणारे फुलपाखरू उतरत नाही, कारण तो ठसा घरबसल्या मिळाला असता. चालणे फुकट गेले, ही शोधणाऱ्याची तक्रार आम्हांस रास्त वाटते. उलट, ज्याला चित्र काढता येत नाही त्याने पेटीच ठेवू नये, असे कोणी म्हणू लागले तर ती छंदातली जातपात झाली.

टिकाऊपणाचाही प्रश्न आहे. व्यवसायाने बनवलेला व्हल्कनाइज्ड रबराचा शिक्का त्या ओलाव्यात वर्षानुवर्षे तग धरतो आणि हरवला तर मूळ चित्रावरून पुन्हा करता येतो. खोडरबर झिजते, कडा तुटतात, आणि कोणी तो उचलून नेला तर दुसरा तसाच होत नाही. मग पुढच्या माणसाला डब्यात नुसती वही सापडते. तो आपला शिक्का तीत उमटवतो, तारीख घालतो, स्वतःच्या वहीचे पान कोरे ठेवतो. हरवलेल्या शिक्क्याचे ठसे तेव्हा कुठे कुठे, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या घरी, कपाटातल्या वह्यांत पडून असतात.