कुंडलिकेचं उन्हाळी पाणी

कोकणात पाऊस धो-धो पडतो, पण उतारावरून तो खाडीला वाहून जातो. म्हणून एप्रिल-मे उजाडला की डोंगरावरच्या वाड्यांत बायाबापड्या हंडे घेऊन वणवण फिरतात. त्याच दिवसांत कोलाडजवळची कुंडलिका मात्र वाहत असते. डोलवहाळच्या बंधाऱ्यातून निघालेल्या कालव्यांवर उन्हाळी भात पिकतं.

हे पाणी बरंचसं घाटावरचं आहे. टाटांनी मुळा नदी मुळशीला अडवली, पाणी पश्चिमेला वळवलं आणि १९२७ पासून भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. या धरणाविरुद्ध १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात पुढे होते. तरीही घरं-शेतं बुडाली. न अडवलं असतं तर तेच पाणी भीमेतून सोलापूरकडे गेलं असतं. म्हणूनच तिकडे दुष्काळ पडला की ‘आमचं पाणी परत द्या’ ही मागणी उठते. पण पाणी फिरवलं, तर कोलाड-रोह्याच्या शेतकऱ्याने उन्हाळ्यात काय पिकवायचं?

दुष्काळात आपण इस्तिस्काची नमाज पढतो. पाऊस अल्लाह देतो. वाटणी माणसं करतात. त्या वाटणीचा हिशेब मुळशीच्या बुडालेल्या शेतांपासून मांडायला हवा.