जे फितीत उरलं

खोकं बुटांचं आहे, आत कॅसेट आहेत. मेलबर्नच्या एका उपनगरातल्या गॅरेजमध्ये तुम्ही स्टुलावर बसला आहात. ज्यांचं हे गॅरेज, ते साठी ओलांडलेले गृहस्थ एकेक कॅसेट काढून तुमच्या हातात देतायत. एकीवर तारीख आहे, दुसरीवर नुसतं स्टेशनचं नाव, तिसरीवर फक्त 'पुसू नये'. शाळेत असल्यापासून हे गृहस्थ रेडिओ टिपत आलेत. आता जुन्या फिती संगणकावर उतरवून घेतात आणि आपल्यासारख्याच छंदिष्टांना ऐकायला देतात, त्यांच्याकडचं आपण मागून घेतात. विकत काही नाहीत. आवाज स्टेशनांचे, गाणी गाणाऱ्यांची. आपण फक्त राखणदार, असं त्यांचं म्हणणं.

"जाऊन या," ते म्हणतात. "दोनच नियम. मागे जाऊन काही बदलायचं नाही. आणि परत येताना तेवढंच आणता येईल, जे तिथे कुणीतरी टिपून ठेवलंय."

तुम्ही हेडफोन चढवता. खट्‌ करून बटण दाबलं जातं.

डिसेंबर १९२३, सिडनी. दिवाणखान्यात एक लाकडी पेटी आहे आणि घरची मंडळी तिच्याभोवती कान लावून बसलीत. यजमान ऐटीत सांगतात, टू एफसीची वर्षाची वर्गणी भरलीय, तीन गिनी! नावातला 'टू' म्हणजे न्यू साउथ वेल्स राज्य, आणि 'एफसी' म्हणजे फार्मर अँड कंपनी, शहरातलं मोठं दुकान. दुसरं काही लागतंय का बघायला तुमचा हात सवयीने बटणाकडे जातो. काटा हलत नाही. पेटीला सील आहे. ज्या स्टेशनचे पैसे भरले तेवढंच ऐकायचं, असा सरकारी नियम. नोव्हेंबरात सुरू झालेल्या टू एसबीची वर्गणी दहाच शिलिंग आहे, पण ती वेगळी भरावी लागेल. लोकांना ही व्यवस्था मुळीच पटत नाही, आणि १९२४ च्या जुलैत ती गुंडाळली जाते.

तुम्ही थोडे पुढे सरकता. १३ ऑक्टोबर १९२४, मेलबर्न. थ्री एलओ स्टेशनची पहिलीच रात्र. नाट्यगृहातून थेट 'ला बोएम' हा ऑपेरा ऐकवला जातोय आणि गातेय नेली मेल्बा, जिने आपलं नावच या शहरावरून घेतलं. तुम्ही घाईघाईने आजूबाजूला बघता: कोण टिपून घेतंय? कुणीच नाही. घरात रेडिओ टिपायचं यंत्र अजून कुणाकडेच नाही. मेल्बाच्या तबकड्या पुढे शंभर वर्षं मिळत राहतील, पण ही रात्र मिळणार नाही. हात हलवत तुम्ही पुढे निघता.

२३ ऑगस्ट १९३८. सिडनीच्या मार्केट स्ट्रीटवरचा एबीसीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय रेडिओचा, स्टुडिओ, रात्रीचे साडेआठ वाजून गेलेत. तिकडे लंडनला, ओव्हल मैदानावर, इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटीचा सकाळचा खेळ सुरू होतोय. इकडे खोलीत टेबल, मायक्रोफोन, मैदानाचं छायाचित्र आणि धावफलक. गवताचं पातं नाही. षटक संपलं की इंग्लंडहून सांकेतिक शब्दांत तार येते. एक जण ती उलगडतो: चेंडू कसा पडला, कुठे मारला, कुणी अडवला. कागद समालोचकापुढे सरकतो. त्याच्या हातात पेन्सिल आहे, समोर लाकडाचा ठोकळा.

टक्‌!

इंग्लंडच्या हटनने चेंडू टोलवला. शेजारचा माणूस ग्रामोफोनवर टाळ्यांची तबकडी लावतो. तार उशिरा आली की हवेत पोकळी नको म्हणून कुणाच्या तरी बुटाची नाडी सुटते आणि ती बांधून होईपर्यंत खेळ थांबतो. देशभर लोक अंथरुणात बसून ऐकतायत. ब्रॅडमनचा ३३४ धावांचा विक्रम आज मोडणार आहे. हटन ३६४ वर थांबेल, इंग्लंड ७ बाद ९०३ वर डाव सोडेल आणि ऑस्ट्रेलिया एक डाव ५७९ धावांनी हरेल. हा सगळा पराभव पेन्सिलीने ठोकून ऐकवला जाणार! समालोचकांच्या या चमूत अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण आहे, अॅलन मॅकगिल्व्हरे. नाव लक्षात ठेवा, पुन्हा भेटेल.

आता एक स्वयंपाकघर. १९५० चं दशक, मेंढ्यांचं रान, शेजारचं घर कित्येक मैलांवर. दुपारचा एक वाजलाय. बाई हात पुसून रेडिओजवळ बसतात आणि पुढची पंधरा मिनिटं कुणी बोलायचं नाही. 'ब्लू हिल्स' सुरू झालंय. ग्वेन मेरेडिथ या एकट्या लेखिकेने २८ फेब्रुवारी १९४९ ला सुरू केलेली ही श्रुतिकामाला ३० सप्टेंबर १९७६ पर्यंत चालणार आहे, ५,७९५ भाग. तिच्याआधी सुरू झालेली 'डॅड अँड डेव्ह' १९३७ ते १९५३ चालली, २,२७६ भाग. तिचे भाग सोळा इंची तबकड्यांवर कोरून गावोगावच्या स्टेशनांना जायचे. एका बाजूला पंधराएक मिनिटं, म्हणजे नेमका एक भाग.

अशी एक तबकडी हातात घ्या. जड आहे, कडेला धरा. जी स्टेशनातच कापली जायची तिच्या आत अॅल्युमिनियमचा पत्रा आणि वर लॅकरचा लेप. युद्धात अॅल्युमिनियम विमानांकडे गेलं तेव्हा पत्र्याच्या जागी काच आली. ही हातातून निसटली की संपलं. निसटली नाही तरी लेप वर्षागणिक आकसतो, भेगाळतो, त्यावर पांढरी भुकटी धरते. तबकड्या जायला आगीची किंवा पुराची गरज नव्हती. त्या कपाटात ठेवल्या जागीच गेल्या.

गृहस्थ तुमच्या खांद्यावर हात ठेवतात. "परीक्षा घेतो. या स्पूल टेपवर काहीच लिहिलेलं नाही. साल सांगा."

फीत फिरू लागते. आधी गाणं. तुम्ही ओळखता, पण गाण्याचा उपयोग नाही, कारण जुनी गाणी पुढेही वाजतच राहतात. मग साबणाची जाहिरात, किंमत सेंटमध्ये. ऑस्ट्रेलियात पौंड-शिलिंग जाऊन डॉलर आले ते १४ फेब्रुवारी १९६६ ला. म्हणजे त्यानंतरचं. मग एक श्रोता फोनवर निवेदकाशी भांडतोय. श्रोत्यांचे फोन हवेत सोडायला परवानगी मिळाली १९६७ मध्ये. आणखी एक पायरी चढलात. मग हवामान: उद्याचं तापमान पंचाण्णव. पंचाण्णव सेल्सिअस असतं तर अख्खं शहर शिजलं असतं. फॅरनहाइट जाऊन सेल्सिअस आलं १ सप्टेंबर १९७२ ला. तेव्हा १९६७ ते १९७२, त्यातही कुठला तरी उन्हाळा.

गृहस्थ मान डोलावतात. जाहिरात, हवामान, फोनवरचं भांडण. जपून ठेवावं असं ज्यातलं काहीच तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं, त्यानेच साल सांगितलं.

पुढची उडी छोटी आहे. नोव्हेंबर १९७८, याच शहरातली एक खोली. पंधरा वर्षांचा मुलगा पलंगावर पालथा पडलाय, समोर कॅसेट रेकॉर्डर, दोन बोटं दोन बटणांवर. थ्री एक्सवाय लागलंय. गाणं सुरू होताच तो दोन्ही बटणं एकदम दाबतो, निवेदकाने तोंड उघडताच थांबवतो. पुन्हा दाबतो, पुन्हा थांबवतो. बोलणं नको, जाहिरात नको, स्टेशनची धून नको. गाणं तेवढं हवं. अरे, थांबवू नकोस! पण नियम आठवतो, तुम्ही गप्प बसता. ती गाणी दुकानात तेव्हाही मिळत होती, आजही मिळतात. तो जे कापून टाकतोय ते दुसरीकडे कुठेच नाही.

याच महिन्यात, २३ तारखेला, देशातली मध्यमलहरींवरची स्टेशनं जागा बदलतायत. दोन स्टेशनांमधलं अंतर दहा किलोहर्ट्‌झवरून नऊवर आलंय. थ्री एक्सवाय १४२० वरून १४२२ वर, सिडनीचं टू एसएम १२७० वरून १२६९ वर. काटा केसभर हलतो, पण सगळ्या धुना नव्याने गाऊन घ्याव्या लागतात. म्हणून कॅसेटवर धूनचा एखादा तुकडा जरी चुकून राहिला आणि त्यात आकडा ऐकू आला, तरी संग्राहकाला कळतं, ही त्या दिवसाच्या अलीकडची की पलीकडची. मुलगा मात्र कॅसेटच्या मागचा प्लास्टिकचा दात मोडतो, कुणी वरून दुसरं काही भरू नये म्हणून. वर पेनने लिहितो, 'पुसू नये'. तुम्ही वळून बघता. गृहस्थ लाजल्यासारखं हसतायत.

"आता तुमच्या गावाला," ते म्हणतात.

११ फेब्रुवारी १९८१, सांगली, पहाटेचे साडेपाच. विजय हजारेंचं गाव. १९४८ च्या जानेवारीत अॅडलेडला कसोटीच्या दोन्ही डावांत ज्यांनी शतकं ठोकली ते हजारे इथलेच. माजघरात अंधार आहे आणि काका अंगावर घोंगडी घेऊन रेडिओशी झटतायत. शॉर्टवेव्हवर रेडिओ ऑस्ट्रेलिया मिळतोय, जातोय, पुन्हा मिळतोय, विहिरीतल्या पोहऱ्यासारखा वर-खाली. मेलबर्नला अकरा वाजलेत, भारताविरुद्धच्या कसोटीचा शेवटचा दिवस. ऑस्ट्रेलियाला जिंकायला १४३ हव्यात आणि काल संध्याकाळी त्यांचे २४ वर तीन गेलेत.

"काका, हळू करा ना. आजी उठेल."

"उठू दे. कपिल आलाय गोलंदाजीला. ती कॅसेट दे इकडे."

"ही? यावर आजीचं कीर्तन आहे."

काका क्षणभर थांबतात. दुसरी कॅसेट घरात नाही. खट्‌. पायाचा स्नायू दुखावलेला कपिल टाकत राहतो, २८ धावांत पाच बळी, ऑस्ट्रेलिया ८३ वर गारद. भारत ५९ धावांनी जिंकतो. कॅसेटवर आधी खरखर आहे, मग गर्दी, मग 'जिंकलो!' असं ओरडणारे काका आणि पाठोपाठ "माझं कीर्तन कुठंय रे?" असं विचारणारी आजी. ओव्हलची पेन्सिल ठोकणारे मॅकगिल्व्हरे १९८५ पर्यंत एबीसीसाठी समालोचन करत राहिले. शॉर्टवेव्हवर ऑस्ट्रेलियातलं क्रिकेट ऐकणाऱ्या आपल्याकडच्या पिढीला त्यांचा आवाज घरातल्या माणसासारखा ओळखू यायचा. ही सकाळ तुम्ही परत नेऊ शकता. कीर्तन नाही. ते याच फितीवर, याच आवाजाखाली, कायमचं गेलं.

शेवटचा थांबा. ३१ जानेवारी २०१७. व्हिक्टोरियातल्या शेपर्टनचे उंच मनोरे. २० डिसेंबर १९३९ ला युद्ध पेटल्यावर सुरू झालेली रेडिओ ऑस्ट्रेलिया ही परदेशसेवा आज शॉर्टवेव्ह सोडतेय. कार्यक्रम सुरू होण्याआधी कुकाबरा पक्ष्याचं हसणं ऐकवायची या स्टेशनची जुनी पद्धत. त्याच हसण्यावर किती देशांतल्या काट्यांनी आपली जागा ओळखली होती! काटा त्या जागी नेता. खरखर आहे. हसणं नाही.

तुम्ही हेडफोन काढता. गॅरेज तेच, खोकं तेच. कॅनबेरातली राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहसंस्था १९८४ पासून जुने आवाज जपायचं हेच काम मोठ्या प्रमाणावर करते. चिकट झालेल्या फिती मंद आचेच्या भट्टीत तासन्‌तास शेकवाव्या लागतात, तेव्हा कुठे त्या एकदा वाजवण्यापुरत्या धड होतात. याच संस्थेने २०१५ मध्ये बजावलं होतं की चुंबकीय फितीवरचं जे २०२५ पर्यंत उतरवून झालं नाही, त्यातलं बहुतेक हातचं जाईल. एक तर फीत कुजते, दुसरं म्हणजे ती वाजवणारी यंत्रं आता फारसं कुणी बनवत नाही आणि दुरुस्त करणारे हात म्हातारे झालेत. ती मुदत उलटून गेली. पण संस्थेच्या कपाटात काय असतं? भाषणं, श्रुतिका, मोठे दिवस. मंगळवारी दुपारी अडीचचं हवामान आणि साबणाची किंमत असते ती अशा बुटांच्या खोक्यात.

खोकी तुमच्याकडेही आहेत. माळ्यावर, पलंगाखाली, माहेरच्या कपाटात. मेलबर्नचा नसेल, सांगली आकाशवाणीचा आवाज असेल; सुरुवातीला गाणं, मग बाजारभाव, मागे आजीचं बोलणं. एक काम करा. कॅसेटच्या मागचा दात शाबूत असेल तर आधी तो मोडा. बुरशी दिसली तर वाजवू नका, जाणकाराला दाखवा. उतरवून घ्याल तेव्हा फीत पहिल्या खरखरीपासून शेवटच्या खरखरीपर्यंत अख्खी उतरवा, मधली जाहिरात कापू नका. वर तारीख आणि गाव लिहा. आणि मग कुणाला तरी ऐकायला द्या, कारण एकाच्याच घरात असलेली फीत एका पावसाळ्यात जाते.