इंजिनाचा दम अचानक का तुटतो? हरवलेल्या दाबाचा इतिहास

१/ काल धावणारी मोटार आज सुरू होत नाही. बॅटरी भक्कम आहे, टाकीत पेट्रोल आहे, प्लगला ठिणगीही आहे. सेल्फ मारला की इंजिन नेहमीपेक्षा वेगाने, एकसुरी घरघर करीत फिरते. पण पेट घेत नाही. तो आवाज ऐकून जाणता मेकॅनिक म्हणतो, ‘कॉम्प्रेशन गेले.’ या निदानामागे दोन शतकांचा इतिहास आहे. #थ्रेड

२/ आरंभीच्या ज्वलन-इंजिनांत संपीडन, म्हणजे कॉम्प्रेशन, नव्हतेच. १८६० साली पॅरिसमध्ये एतिएन लन्वार याने बनविलेले इंजिन हवा आणि दिव्याच्या वायूचे मिश्रण न दाबताच पेटवीत असे. ते चालत असे खरे. पण वायू फार खाई आणि त्या मानाने काम थोडे देई.

३/ ज्वलनापूर्वी मिश्रण दाबले तर तेच इंधन अधिक काम देते, हे आल्फोन्स बो द रोशा या फ्रेंच अभियंत्याने १८६२ मध्ये मांडले. परंतु ते कागदावरच राहिले. १८७६ मध्ये निकोलाउस ऑटो याने जर्मनीतील डॉइट्झ येथे ओढणे, दाबणे, पेटणे आणि बाहेर टाकणे अशा चार धावांचे इंजिन चालवून दाखविले. पुढे १८८६ मध्ये बो द रोशाच्या त्या जुन्या कागदामुळेच ऑटोचे जर्मन पेटंट रद्द ठरले.

४/ दाब टिकवायचा तर कोठडी घट्ट बंद हवी. पिस्टनभोवतीच्या फटीसाठी कडी लागली. चिरलेली, स्वतःच्या ताणाने भिंतीला टेकून राहणारी धातूची कडी जॉन रॅम्सबॉटम याने १८५० च्या दशकात वाफेच्या इंजिनांसाठी आणली होती. तीच ज्वलन-इंजिनाच्या कामी आली. उरलेली दारे दोन : व्हॉल्व्ह आणि सिलिंडरवरील हेड गॅस्केट.

५/ पण घट्टपणा पुरेसा नाही. वेळही साधावी लागते. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो आणि व्हॉल्व्ह नेमक्या क्षणी उघडतात, मिटतात. हे नाते आधी दातेरी चक्रे आणि साखळी सांभाळीत. १९६२ मध्ये जर्मनीच्या ग्लास कंपनीने आपल्या १००४ या मोटारीत दातेरी रबरी पट्टा वापरला : टायमिंग बेल्ट. तो हलका, शांत आणि स्वस्त होता. मात्र साखळी सैल झाली की बहुधा आधी खडखडते. पट्टा अनेकदा काहीही न सांगता तुटतो.

६/ अधिक दाबासाठी कोठडी लहान होत गेली. अनेक इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकाच जागेत, फक्त वेगवेगळ्या वेळी येतात. पट्टा तुटला की वेळ चुकते, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतो. वाकलेले दार बसत नाही. दाब निघून जातो. कड्या सहसा वर्षानुवर्षे झिजतात. म्हणून सर्व सिलिंडरांचा दाब एकाएकी गेला, तर पहिला संशय पट्ट्यावर.

७/ सिलिंडरच्या आतला दाब मोजण्याची कला इंजिनाच्या या वंशापेक्षाही जुनी. जेम्स वॉटचा सहकारी जॉन सदर्न याने १७९६ मध्ये वाफेच्या सिलिंडरमधील दाब कागदावर रेखणारे साधन घडविले. पुढे रुडॉल्फ डीझेल याने केवळ दाबाच्या उष्णतेने इंधन पेटविण्याचा प्रयोग मांडला. १८९३ च्या ऑगस्टमध्ये आउग्सबुर्ग येथील पहिल्या चाचणीत दाब एवढा उसळला की मापकच फुटला.

८/ आजचे निदान याच इतिहासावर उभे आहे. पहिला नियम : संशय येताच सेल्फ मारणे थांबवावे. पट्टा तुटला असेल, तर प्रत्येक फेऱ्यागणिक नुकसान वाढू शकते. पट्ट्याचे वरचे झाकण काढून पट्टा शाबूत आहे का, खुणा जुळतात का, हे पाहावे. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळते.

९/ पट्टा शाबूत असेल तर मापक. सर्व प्लग काढून, इंधन आणि ठिणगी तोडून, थ्रॉटल पूर्ण उघडून प्रत्येक सिलिंडर मोजतात. निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार दाब मिळतो. सगळे आकडे पडलेले असतील तर दोष वेळेचा असण्याची शक्यता मोठी. शेजारचे दोनच पडलेले असतील तर गॅस्केटचा. एकच पडलेला असेल तर व्हॉल्व्ह किंवा कडीचा.

१०/ मग पडलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा चढला, तर गळती कड्यांकडून. न चढला, तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडून. कधीकधी जादा पेट्रोलने भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन जातो आणि दाब तेवढ्यापुरता पडतो. अशा वेळी हेच थोडे तेल इंजिनाला पुन्हा उभे करते. म्हणून मोजण्यापूर्वी इंजिन उघडणे हा उतावीळपणा ठरतो.

११/ शेवटी कान. पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, सिलिंडरमध्ये हवा भरतात. सुस्कारा सायलेन्सरमधून आला तर दोष एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा, हवा आत घेण्याच्या नळीतून आला तर इनटेक व्हॉल्व्हचा, ऑइलच्या झाकणातून आला तर कड्यांचा. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर संशय गॅस्केटवर.

१२/ महाराष्ट्रात ही विद्या विहिरींच्या काठावरही होती. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स स्थापन झाली. हँडलने सुरू होणाऱ्या डीझेल इंजिनावर व्हॉल्व्ह उचलून धरणारी एक छोटी दांडी असे. ती उचलली की चाक मोकळे फिरे. वेग आल्यावर सोडली की दाब परते आणि इंजिन धडधडू लागे. हँडल मारणाऱ्या शेतकऱ्याला कॉम्प्रेशन मनगटात कळत असे. सेल्फने ते कष्ट वाचविले, पण मनगटाची ती ओळखही नेली. आता तेच ज्ञान आवाजातून कमवावे लागते. मोकळी, एकसुरी घरघर ऐकू आली की किल्लीवरचा हात काढून घ्यावा.