मुंबई ते माद्रिद: घरच्यांसह लांबच्या विमानप्रवासाची तयारी

मे महिन्याच्या सुट्टीत स्पेनला जाऊन ग्रॅनाडा, कॉर्डोबा बघायचे, असा बेत हल्ली आपल्या बऱ्याच घरांत होतो. विमानाचे तिकीट ही त्यातली मोठी रक्कम. म्हणून ते काढण्याआधी घरातले सगळे पासपोर्ट समोर घेऊन बसा.

पहिला प्रश्न नावाचा. आपल्याकडे एकाच घरात 'शेख'ची इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हेची सापडतात. कुठे 'मोहम्मद' पूर्ण, कुठे नुसते 'एमडी'. (शाळेचे दाखले आम्ही शिक्षकच लिहितो, तेव्हा थोडा दोष आमचाही.) तिकिटावर आणि व्हिसाच्या अर्जात पासपोर्टवरचेच स्पेलिंग हवे, एक अक्षर इकडे-तिकडे नको. अम्मींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच असेल, तर तिकिटात नाव कसे भरायचे ते विमान कंपनीला आधी विचारा. वाटेत दोन दिवस दुबई बघायची असेल, तर हे जास्तच महत्त्वाचे. पासपोर्टवर एकाच शब्दाचे नाव असलेल्या पर्यटकांच्या प्रवेशाबाबत संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये नियम कडक केले आहेत.

स्पेनला शेंगेन व्हिसा लागतो. पासपोर्ट मागच्या १० वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान ३ महिने चालणारा आणि २ पाने कोरी असलेला हवा. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, अगदी उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण एवढे थांबू नका. मेसाठी फेब्रुवारीतच अर्ज करा. जून २०२४ पासून फी ९० युरो आहे, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मी आणि त्याहून लहानांना माफ. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमाही लागतो. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द न होणाऱ्या तिकिटाचे पैसे भरू नका.

दुबईमार्गे गेल्यास पहिला टप्पा तीन तासांच्या आसपास, पुढचा साधारण आठ तासांचा. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटे स्वस्त दिसतात खरी, पण पहिले विमान उशिरा पोहोचले तर दुसरी कंपनी जबाबदार राहत नाही. म्हातारी माणसे, लहान मुले बरोबर असतील तर मध्ये तीन तास तरी ठेवा. व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगावी. युरोपीय कंपनीचे विमान असेल तर 'मुस्लिम मील' किमान २४ तास आधी नोंदवा.

बॅगेत मटणाचे लोणचे, कबाब, खव्याची मिठाई, तूप घालू नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. साधा चिवडा, खजूर चालेल. पॉवरबँक हातातल्या बॅगेतच ठेवायची.

ठाकूरद्वारच्या लोकांना आता विमानतळ सोपा झाला आहे. ऑक्टोबर २०२५ पासून गिरगाव स्टेशनातून मेट्रो ३ थेट टी-२ ला नेते. पण ती रात्रभर चालत नाही. पहाटे चारचे विमान असेल तर रात्रीची शेवटची गाडी निघायच्या आत सामान घेऊन स्टेशनात पोहोचा, नाहीतर टॅक्सी आधीच सांगून ठेवा.