सेकंडहँड लॅपटॉपचा सातबारा

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय.

बोदवडच्या पोराला लॅपटॉप घ्यायचा असला की तो बरेचदा भुसावळ नाहीतर जळगाव गाठतो. नवा परवडत नाही, मग सेकंडहँड. पुण्या-मुंबईच्या कुठल्या तरी कंपनीने तीन-चार वर्षं वापरून काढलेला, लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून फिरत आलेला. दुकानदार म्हणतो, "भाऊ, विंडोज मारून देतो, त्याचे पैसे वेगळे." पोरगा हो म्हणतो. पण हा लॅपटॉप कारखान्यातून निघाला तेव्हा त्यात काय होतं, हे कोणी विचारतच नाही. आणि बऱ्याचदा जे होतं ते अजूनही त्याच लॅपटॉपमध्ये असतं. ते कुठे असतं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

1981 साली आयबीएमचा पहिला पीसी आला. तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम मशीनसोबत फुकट मिळत नव्हती. डॉसची फ्लॉपी 40 डॉलरला वेगळी घ्यावी लागे. म्हणजे मशीन एक वस्तू आणि डॉस दुसरी. फ्लॉपी ज्याच्या खिशात, डॉस त्याचं. पुढे कंपन्या मशीन विकतानाच आत विंडोज टाकून द्यायला लागल्या. असं विंडोज त्यांना स्वस्तात मिळायचं, पण अट असायची की ते त्याच मशीनवर चालवायचं. इथून मालकी माणसाच्या खिशातून निघाली आणि यंत्राला चिकटली.

ही अट पाळली जाते का, हे बघायचं कसं? 2001 मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि त्यासोबत अ‍ॅक्टिव्हेशन आलं. इंटरनेटवरून किंवा फोन करून विंडोज चालू करून घ्यायचं. लॅपटॉपच्या पोटाला एक रंगीत स्टिकर असायचं, त्यावर 25 अक्षरांची की. जुना लॅपटॉप पालथा करून बघा, घासून घासून अर्धे आकडे गेलेले दिसतील. पण मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपवर कारखान्यात ती स्टिकरवरची की सहसा वापरलेलीच नसायची. त्यांनी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या त्या छोट्या चिपमध्ये, कंपनीची खूण ठेवलेली असायची. विंडोज ती खूण बघायचं आणि गपचूप चालू व्हायचं. विंडोज 7 च्या काळात जे 'लोडर' नावाचे क्रॅक गावोगावी पेनड्राइव्हवर फिरले, ते हीच खूण खोटी करून दाखवायचे.

त्याच काळात सीडी देणंही बंद होत गेलं. त्याऐवजी हार्ड डिस्कचा एक लपवलेला भाग ठेवत, रिकव्हरी पार्टिशन. मूळ विंडोज, ड्रायव्हर, सगळं त्यात. लॅपटॉप सुरू करताना एचपीवर एफ 11, एसरवर ऑल्ट आणि एफ 10, आसुसवर एफ 9 दाबलं की लॅपटॉप पहिल्या दिवसासारखा व्हायचा. लेनोवोच्या कित्येक लॅपटॉपवर तर यासाठी बाजूला वेगळं छोटं बटण असायचं. पण विंडोज मारणाऱ्याने सगळी डिस्क साफ केली, की हा भागही जायचा. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली तरी तेच.

मोठा बदल झाला 2012 मध्ये, विंडोज 8 सोबत. आता प्रत्येक मशीनची स्वतंत्र की थेट मदरबोर्डच्या चिपमध्ये लिहायला सुरुवात झाली. स्टिकरवरचे आकडे गेले. लोकांना वाटलं, आकडा नाही म्हणजे लायसन्स नाही. खरं तर उलट होतं. डिस्क बदला, फॉरमॅट मारा, लॅपटॉप पाच हातांतून जाऊ दे, की जागेवरच. शेतीच्या सातबाऱ्यासारखं समजा. मालकाचं नाव फेरफाराने बदलतं, गट नंबर जमिनीपाशीच राहतो. मदरबोर्ड बदलला असेल, तरच हिशोब बिघडतो.

म्हणून 2012 नंतरचा लॅपटॉप घेताना क्रॅकचे पैसे देण्याआधी एक करून बघा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजचं अधिकृत टूल घ्या, 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका आणि नव्याने इन्स्टॉल करा. आधी डेटा काढून घ्या, डिस्क साफ होते. लॅपटॉप विंडोज 10 किंवा 11 सोबत आलेला असेल, तर इन्स्टॉलर चिपमधली की स्वतःच वाचतो, होम की प्रो हेही ठरवतो आणि नेट जोडलं की अ‍ॅक्टिव्हेट होतो. विंडोज 7 आणि 8 च्या जुन्या की मात्र 2023 च्या सप्टेंबरपासून नव्या विंडोजला चालत नाहीत. त्या लॅपटॉपवर आधी कधी विंडोज 10 रीतसर चालू झालेलं असेल, तर ती नोंद कामी येते.

आता दोन अडचणी. पहिली आपल्याकडची खास. भारतात कित्येक लॅपटॉप 'डॉस'वाले विकले गेले, काही हजार वाचवायला. हे डॉस म्हणजे बहुतेक वेळा फ्रीडॉस. जिम हॉल नावाच्या विद्यार्थ्याने 1994 मध्ये सुरू केलेला मोफत प्रकल्प. अशा लॅपटॉपच्या चिपमध्ये विंडोजची की नसतेच. दुकानदार कितीही "ओरिजिनल आहे" म्हणाला तरी त्याचं ओरिजिनल म्हणजे काळा स्क्रीन. त्याच्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाका, फुकट आणि रीतसर. आपल्या पुण्याच्या सी-डॅकनेही 2007 मध्ये बॉस लिनक्स आणलं होतं, भारतीय भाषा डोळ्यासमोर ठेवून.

दुसरी अडचण कंपनीतून आलेल्या लॅपटॉपची. 2017 पासून मायक्रोसॉफ्टची ऑटोपायलट नावाची सोय आहे. कंपनीने लॅपटॉप आपल्या नावावर नोंदवून ठेवलेला असेल आणि विकताना नोंद काढली नसेल, तर रीसेट करून वायफाय जोडताच त्या कंपनीचं लॉगिन समोर येतं. म्हणून पैसे द्यायच्या आधी, दुकानदारासमोरच रीसेट मारून नेट जोडून बघा. तो नाही म्हणाला तर लॅपटॉप तिथेच ठेवा.

एवढा खटाटोप कशाला? कारण क्रॅकची पहिली सूचना बहुतेक वेळा असते, "आधी अँटिव्हायरस बंद करा." आणि त्याच लॅपटॉपवर आपण अ‍ॅडमिशनचे फॉर्म भरतो, आधार अपलोड करतो, वडिलांच्या खात्यातून फी भरतो. घराच्या कुलपाची चावी अनोळखी माणसाच्या हातात द्यायची, तीही पैसे मोजून!

शेवटची गोष्ट. मूळ म्हणजे कायमचं चांगलं, असं नाही. विंडोज 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपला, विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 ला, ठरावीक मुदतीची वाढीव सोय सोडली तर. इंटेलच्या आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लॅपटॉप असेल तर साधारणपणे विंडोज 11 फुकट मिळतं. त्याआधीचा असेल तर लिनक्सचा विचार करा. पण जे काही टाकाल, ते टाकण्याआधी आपल्या मशीनचा सातबारा एकदा उघडून बघा. ज्याचे पैसे पहिल्या मालकाने कधीच भरलेत, ते तुमच्याकडेच निघायची बरीच शक्यता आहे.

भेटू पुढच्या भागात. हा भाग अशा मित्राला पाठवा, जो या आठवड्यात लॅपटॉप घ्यायला भुसावळला निघालाय.