महामार्गावरील वाहतूक कामगार आणि एचआयव्ही प्रतिबंध : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
रनाळे हे नंदुरबार तालुक्यातील गाव. जिल्ह्याच्या दक्षिण भागातून नवापूरमार्गे जाणारा सुरत-धुळे रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्र. ६ म्हणून ओळखला जाई. आज त्याचा क्रमांक ५३ आहे. सुरत, भिवंडी, मुंबई या शहरांचा माल वाहणाऱ्या चालक-क्लीनरांचे आरोग्य हा केवळ वैद्यकीय विषय नसून तो श्रमाच्या इतिहासाचाही विषय आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

नियंत्रणाची परंपरा :
ब्रिटिश शासनाने १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्यान्वये वेश्याव्यवसायातील स्त्रियांवर नोंदणी व वैद्यकीय तपासणीची सक्ती केली. पुरुष ग्राहक मात्र कायद्याबाहेर राहिला. हा कायदा १८८८ मध्ये रद्द झाला, तरी ती दृष्टी टिकून राहिली. १९८६ मध्ये चेन्नई येथे देशातील पहिले एचआयव्ही संसर्ग आढळले. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा यांना केवळ संसर्ग आढळल्यामुळे ६४ दिवस स्थानबद्ध ठेवण्यात आले. संसर्ग असला तरी कामास सक्षम असलेल्या व्यक्तीस रोजगार नाकारता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला.

जोखमीची कारणमीमांसा :
घरापासून दीर्घकाळ दूर राहणे, माल भरण्या-उतरविण्यासाठीची प्रतीक्षा, पूर्वीच्या जकात नाक्यांवरील व तपासणी नाक्यांवरील खोळंबा आणि गुप्तरोगावर बदनामीच्या भीतीने टाळलेले उपचार ही जोखमीची प्रमुख कारणे होत. उपचाराविना राहिलेला लैंगिक आजार एचआयव्हीचा धोका वाढवितो.

प्रतिबंधाचे प्रयत्न :
राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ मध्ये स्थापन झाली. २००३ मध्ये गेट्स फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने ‘आवाहन’ उपक्रम सुरू झाला. त्याअंतर्गत ‘कवच’ प्रकल्पाने ट्रक थांब्यांवर ‘खुशी’ क्लिनिके उघडून उपचार, समुपदेशन व निरोध उपलब्ध केले. कामगाराला दवाखान्यात बोलावण्याऐवजी दवाखाना त्याच्या थांब्यावर नेला गेला, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय. राष्ट्रीय पाहणीत लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांतील एचआयव्हीचे प्रमाण २०१०-११ मध्ये २.५९ टक्के, तर २०१७ मध्ये ०.८६ टक्के आढळले. पाहणीची केंद्रे बदलत असल्याने ही तुलना सावधपणे करावी लागते.

शासकीय परिभाषेत ट्रकचालक व स्थलांतरित मजूर यांना ‘सेतू लोकसंख्या’ म्हटले गेले. या संज्ञेत कामगार रोगाचा वाहक ठरतो, रुग्ण ठरत नाही. शिवाय थांब्यावरील सेवा गावी राहणाऱ्या पत्नीपर्यंत आपोआप पोहोचत नाही. पतीपासून संसर्ग होण्याचा धोका असूनही तिच्याकडे या मोहिमांची दृष्टी उशिराच वळली.

निष्कर्ष :
१० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीविना चाचणी व नोकरीतील भेदभाव यांस मनाई केली. १८६८ च्या सक्तीपासून २०१८ च्या हक्कापर्यंतचा हा प्रवास महत्त्वाचा आहे. तथापि वाहतूक कामगाराचे कामाचे तास, विश्रांती व कुटुंब यांचा विचार झाल्याखेरीज प्रतिबंध पूर्ण होत नाही. दोष कामगाराच्या चारित्र्यात शोधण्याऐवजी त्याच्या कामाच्या परिस्थितीत शोधणे, हाच या इतिहासाचा बोध होय.