निसर्ग वादळाची कुळकथा

हे वादळ जन्मायच्या आधीच त्याचे नाव ठरलेले होते. उत्तर हिंदी महासागरातल्या वादळांना नावे देण्याची पद्धत २००४ साली सुरू झाली. त्या वेळी आठ देशांनी मिळून ६४ नावांची यादी केली होती. तिच्यातले शेवटचे नाव, अम्फान, २०२० च्या मे महिन्यात बंगालच्या उपसागरात वापरून संपले. नवी यादी महिनाभर आधीच तयार होती. त्यात तेरा देशांची प्रत्येकी तेरा अशी १६९ नावे आहेत. देशांचा क्रम इंग्रजी वर्णमालेनुसार असल्याने पहिला मान बांगलादेशाचा, आणि त्याने सुचवलेले पहिले नाव ‘निसर्ग’. जुन्या यादीतले पहिले नाव ‘ओनिल’, तेही बांगलादेशानेच दिलेले होते आणि ते वादळही अरबी समुद्रातच उठले होते.

वादळाचे बीज पडले ते लक्षद्वीपच्या आसपास, तोच मे महिना सरता सरता. मोसमी पाऊस येण्याआधीचे ते दिवस. अरबी समुद्र तेव्हा सगळ्यात जास्त तापलेला असतो. वादळ उभे राहायला पाण्याचे तापमान साधारण साडेसव्वीस अंश सेल्सिअस तरी लागते. त्या वेळी ते तीस अंशांच्या घरात होते. तापलेल्या पाण्यावरची दमट हवा वर चढते, तिच्यातल्या वाफेचे पाणी होताना उष्णता सुटते, ती उष्णता हवेला आणखी वर ढकलते आणि खाली दाब उतरत जातो. भोवतालचे वारे त्या पोकळीकडे धावतात आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे सरळ न येता वळून येतात. १ जूनला या कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला, २ जूनला दुपारी त्याचे चक्रीवादळ झाले आणि त्याला नाव मिळाले. ३ जूनच्या पहाटे ते तीव्र चक्रीवादळ होते.

अरबी समुद्रातली बरीच वादळे ओमानकडे, येमेनकडे किंवा गुजरातकडे जातात. हे आधी उत्तरेकडे निघाले आणि मग वरच्या थरातल्या वाऱ्यांनी त्याला ईशान्येकडे, थेट महाराष्ट्रातल्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याकडे ढकलले. रायगडला वादळ अगदीच नवे नव्हते. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान जमिनीवर आले होते. पण निसर्गचा जोर वेगळाच होता. ३ जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला ते किनारा ओलांडत होते, तेव्हा वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता.

श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा या भागात काही तासांत कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल बंद पडले. काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे गेले. करोनाची टाळेबंदी चालू, पाऊस तोंडावर, आणि डोक्यावर छप्पर नाही. दोन दिवसांनी, वटपौर्णिमेच्या दिवशी, तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे अलिबागला आले आणि त्यांनी रायगडसाठी शंभर कोटींची तातडीची मदत जाहीर केली. घरे हळूहळू शाकारली गेली.

वाड्यांचे तसे झाले नाही. इथली वाडी म्हणजे एकावर एक रचलेली शेती आहे. वर नारळ, त्याच्याखाली सुपारी, सुपारीवर चढलेली मिरी, सावलीत जायफळ आणि केळी. सगळ्यांचे एकमेकांवाचून अडते. नारळ पडला की सोबत सुपाऱ्या मोडतात, आणि उरलेल्या कोवळ्या झाडांना उन्हाचा चटका बसतो. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. तिची सडपातळ उंच खोडे वाऱ्यात मधोमध तुटली. नवे रोप लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षे जातात आणि भरात यायला त्याहून जास्त. चाळिशी-पन्नाशीतली झाडे गेली, ती तर आजोबांनी लावलेली होती.

मदतीचे निकष मात्र हेक्टरात बसवलेले. घाटावरच्या शेतीला ते ठीक; कोकणातली वाडी गुंठ्यांत मोजतात आणि त्या गुंठ्यांतच घर चालते. आरडाओरड झाल्यावर शासनाने हेक्टरी रक्कम १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली आणि पुढे झाडांनुसार मदत मान्य केली: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. झाड मोजायला सुरुवात झाली, हे योग्यच झाले. पण पन्नास रुपयांत फार तर एका रोपाची सोय होते, ते वाढवायला लागणाऱ्या वर्षांची नाही.

वर्षभरात, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ याच किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. अरबी समुद्र तापतो आहे आणि तिथली वादळे वाढत आहेत, असे हवामानशास्त्रज्ञ सांगतात. म्हणून वाडीवाल्यांना एक आग्रहाची विनंती: आपल्या वाडीतली झाडे आजच मोजा, त्यांची जात आणि वय लिहून ठेवा, फोटो काढा आणि सातबाऱ्यावरची फळबागेची नोंद तपासून घ्या. आणि शासनाकडे मागणी करायची ती एवढीच, की पुढच्या पंचनाम्याच्या नमुन्यात झाडाच्या वयाचा रकाना असलाच पाहिजे.